खिशातून मनगटावर

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावर शंभर-शंभर वर्षांपूर्वीची खिशातली घड्याळे एवढ्या संख्येने कोठून येतात, असे परगावचे गिऱ्हाईक मला नेहमी विचारते. त्याचे उत्तर या मुलखाच्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या अंमलाखाली, म्हणजे मोगलाईत होते. शेजारचे येवले आणि कोपरगाव हे तालुके इंग्रजी अंमलात, जुन्या लोकांच्या बोलण्यात खालशात होते. आणि या दोन राज्यांच्या शिवेवर राहणाऱ्या व्यापाऱ्याला, वकिलाला, देशमुखाला आणि आडतीवरच्या गुमास्त्याला हाली शिक्का व कलदार अशी दोन नाणी आणि त्यांच्याबरोबर दोन कायदे व दोन दप्तरे सांभाळावी लागत. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास हैदराबादहून मनमाडला येणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला, गावापासून थोड्या अंतरावर रोटेगावचे स्टेशन उभे राहिले, आणि तोवर सूर्यावर, मशिदीच्या अजानीवर, देवळाच्या घंटेवर व लग्नकार्यात घटिकापात्रावर चालत आलेल्या आमच्या गावाला मिनिटाचा हिशेब ठेवणे भाग पडले.

हा हिशेब आरंभी फार गुंतागुंतीचा होता. वैजापूर सुमारे पावणेपंचाहत्तर पूर्व रेखांशावर असल्यामुळे येथील मध्यान्ह आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या मानाने सरासरीने ३१ मिनिटे उशिरा होते. देशातल्या आगगाड्या तेव्हा मद्रासच्या वेळेने धावत, आणि मुंबई शहराची वेळ, जी पुढे आलेल्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, ती निराळीच. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नाही. घरून सूर्य पाहून निघालेला, रोटेगावला मद्रासच्या वेळेने गाडीत बसलेला आणि मनमाडमार्गे बोरीबंदरावर उतरून तिसऱ्याच वेळेत पाऊल टाकणारा माणूस घड्याळावाचून काय करणार? मुंबईत फेवर-ल्युबा ही स्विस पेढी १८६५ पासून होती, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून. या दोघांची घड्याळे, त्यांच्याबरोबर अमेरिकेची वॉल्थम आणि एल्जिन, आणि हलक्या किमतीची रॉस्कॉफ जातीची, अशी सगळी मिळून या तालुक्यातल्या कोटांच्या आणि बाराबंद्यांच्या खिशांत शिरली. ऐपतदार घरात त्याला चांदीचा अछोडा असे, गरिबाच्या घरी काळा गोफ. परंतु घड्याळ मात्र दोघांचेही आतून पितळेचे आणि पोलादाचेच असे.

पुढे मनगटी घड्याळांचा जमाना आला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले आहेत अशा शिपायाला खिशात हात घालून वेळ पाहणे परवडेना, म्हणून लहान आकाराच्या खिशातल्या घड्याळांना दोन्ही बाजूंस तारेच्या कड्या डागून त्यांत पट्टा ओवण्याची रीत पडली, आणि तोपर्यंत बायकांचा दागिना समजला जाणारा हा प्रकार पुरुषांच्या हातावर मानाने बसला. आमच्याकडे त्याचा खरा प्रसार झाला तो बंगळूरला १९६१ साली एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने कारखाना काढल्यानंतर. जावयाला लग्नात घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याची चाल खेड्यापाड्यांत रुजली, आणि आजोबांचे खिशातले घड्याळ ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली जाऊन पडले.

तेथे ते सुखरूप राहिले असते. परंतु त्याची केस चांदीची होती. एका चांगल्या घड्याळाच्या केसमध्ये सहज चार-पाच तोळे चांदी निघते, आणि झाकणाच्या आत अस्वलाचा किंवा रानकोंबड्याचा बारीक स्विस छाप असला म्हणजे सराफाला कसोटी लावण्याचीसुद्धा तसदी घ्यावी लागत नाही. १९८० च्या आरंभी जगभर चांदी भडकली, आणि त्यानंतरच्याही प्रत्येक तेजीत, मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, दुष्काळात कडब्यासाठी, माणसांनी ही घड्याळे मोडली. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. वैजापूर तालुक्यात पाऊस दगा देतो तेव्हा घरात मोडण्याजोगे जे असते ते मोडावेच लागते. सराफ केस मुशीत टाकी आणि आतले मशीन, त्याला त्याचे मोल नसल्यामुळे, कागदात गुंडाळून परत देई. माझ्याकडे येणारी बहुतेक मशीने अशीच येतात: तंबाखूच्या डबीत, कुंकवाच्या करंड्यात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत, केस नाही, काच नाही, पुष्कळदा काटेही नाहीत, आणि तरीही नखाने चाक किंचित सरकवले की बॅलन्स, म्हणजे घड्याळाची लय धरणारे झुलते चाक, एकदोन हेलकावे घेतो.

अशा मशीनला पुन्हा खिशातल्या घड्याळाची चांदीची केस मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण ज्या हजारो केसेस वितळल्या त्यांच्या जागी नव्या कोणी केलेल्या नाहीत. मनगटी घड्याळाची केस मात्र आज नव्याने करता येते. येथूनच माझ्या या कामाला आरंभ झाला आणि येथेच त्याची मर्यादाही आहे. ज्याची केस गेली आहे, जे खऱ्या अर्थाने बेवारस झाले आहे, त्याच मशीनचे मी मनगटी घड्याळ करतो. केस, मशीन, डायल आणि काटे असे संपूर्ण असलेले खिशातले घड्याळ कोणी घेऊन आला आणि त्याचे हातातले घड्याळ करून मागू लागला, तर मी ते दुरुस्त करून खिशातलेच म्हणून परत देतो, आणि त्याला ते पसंत नसेल तर काम नाकारतो. या धंद्यात आता परदेशी गिऱ्हाईक व पैसा आल्यापासून चांगली, साबूत घड्याळे फोडून त्यांची मशीने काढणारे, त्यांवर नवे नक्षीकाम कोरणारे, जुनी डायले खरवडून त्यांवर भपकेबाज नावे छापणारे लोक पुष्कळ निघाले आहेत. हा नाश आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेका मशीनच्या पाठीवर कारागिराने ओढलेल्या समांतर रेषा शंभर वर्षे कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत तरी चालल्या, म्हणून त्या पुसून त्यांवर मोर आणि कमळे काढण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

मूळ कल्पना काही माझी नव्हे, आणि ती हलकीही नाही. १९३९ साली दोन पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मागणीवरून शाफहाउझेनच्या आय.डब्ल्यू.सी. कंपनीने खिशातल्या घड्याळाचे मशीन मनगटी केसमध्ये बसवून जे मोठे घड्याळ केले, ते ‘पोर्तुगीजर’ या नावाने आजही त्या कंपनीच्या मानाच्या घड्याळांत गणले जाते. त्या व्यापाऱ्यांना हवी होती ती अचूकता. आणि मोठ्या, जड बॅलन्सच्या मशीनला ती साधणे त्या काळच्या लहान मशीनपेक्षा सोपे होते. कारखान्याने मशीन, केस आणि डायल ही तिन्ही एकमेकांसाठी केली होती, हा त्यांच्या आणि माझ्या कामातला मोठा फरक.

येणाऱ्या प्रत्येक मशीनला मनगटावर जागा देता येत नाही. पहिली पारख आकाराची. स्विस मशीनची रुंदी ‘लाइन’ या जुन्या मापात मोजतात. एक लाइन म्हणजे सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित अधिक. एकोणीस लाइनचे पुरुषी मशीन त्रेचाळीस मिलिमीटर भरते, आणि केस चढवल्यावर ते अठ्ठेचाळीसच्या घरात जाते, तेव्हा ते नांगर धरणाऱ्या मनगटावर शोभते, लेखणी धरणाऱ्या मनगटावर बहुधा नाही. दुसरी पारख आतल्या रचनेची. रॉस्कॉफमध्ये माणकांऐवजी पोलादी खिळ्या असतात. त्या झिजल्या की नव्या बसवण्याचा खर्च वर येतो आणि बसवूनही वेळ नीट मिळत नाही. सिलिंडर जातीच्या मशीनची तब्येत हाताच्या हालचालीत टिकत नाही. लिव्हरचे, पंधरा ज्वेलचे, चांगल्या घरचे मशीन असेल तरच पुढचा विचार. तिसरी अडचण चावीची, आणि ती बाहेरच्या माणसाला सांगूनही खरी वाटत नाही. पुष्कळ अमेरिकन घड्याळांत चावीचा दांडा मशीनमध्ये नसतो, तो केसच्या नळीत असतो; केस वितळली की दांडाही गेला, आणि मशीन निरोगी असूनही त्याला चावी देण्याचा मार्ग राहत नाही. रेल्वेच्या कामासाठी केलेल्या काही घड्याळांत तर काटे फिरवण्यासाठी काचेची कडी उघडून आतली एक पट्टी बाहेर ओढावी लागते, म्हणजे चावी देताना चुकून वेळ बदलू नये. अशा मशीनसाठी केस करताना काच उघडता येईल अशीच करावी लागते. जुन्या काही स्विस मशीनांत चावीच्या बाजूला नखाने दाबायची बारीक खीळ असते. ती दाबून धरली तरच काटे फिरतात. हे सगळे पाहूनच केसचा नकाशा काढायला बसावे.

याहून मोठा पेच डायलचा. खिशातली घड्याळे दोन घाटांची. एक उघड्या तोंडाचे, ज्यात चावी बाराच्या डोक्यावर आणि सेकंदाचा छोटा काटा सहावर. दुसरे झाकणाचे, ज्यात चावी तीनवर आणि सेकंदकाटा सहावर. झाकणाचे मशीन मनगटावर सरळ बसते, जणू त्याच्यासाठीच ते केले होते. परंतु आमच्या भागात आढळतात ती बहुतेक उघड्या तोंडाची. ते मशीन फिरवून चावी तीनवर आणली की सेकंदकाटा नऊवर जातो आणि मूळचे डायल आडवे पडते. अनेक कारागीर येथे जुने डायल टाकून नवे लावतात. मला ते मान्य नाही. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून ती सुमारे आठशे अंश उष्णतेत वितळवून केलेले, आकडे भट्टीतच पक्के झालेले मिन्याचे डायल हे शंभर वर्षांनंतरही पहिल्या दिवसाइतके शुभ्र राहते. त्याच्या पाठीला तांब्याचे जे पाय असतात ते मशीनच्या ठरावीक भोकांतच बसतात, आणि ते उपटून दुसरीकडे डागायला गेले तर उष्णतेने मिना तडकतो. म्हणून मी चावी बाराच्या डोक्यावरच ठेवतो. पट्टा ज्यात अडकतो ते कान थोडे लांब करून घेतो, वरचा पट्टा चावीखाली थोडा कमी करतो, आणि मालकाला सांगतो की सकाळी घड्याळ हातात घालण्यापूर्वी, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चावी द्यावी. काही दिवस ते अवघड वाटते, मग अंगवळणी पडते.

एका मशीनविषयी सविस्तर लिहितो, कारण त्यात या कामाचे बहुतेक सगळे प्रसंग आले. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातल्या एका गावाहून एक वृद्ध बाई नातवाला घेऊन दुकानी आली. नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बाईने कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यात मशीन होते.

“बाबा, हे आमच्या मामंजींचं हाय. चांदी पोरीच्या लग्नात मोडली. सराफानं एवढं वापस दिलं. चालंल का?”

“मावशी, उघडून पाहिल्याशिवाय काही सांगता यायचं नाही,” मी म्हणालो.

“उघडा की मग. मी बसते.”

आणि ती खरोखरच बसून राहिली. तिचे सासरे आडत दुकानात गुमास्ते होते. रोटेगावला कापसाच्या गाठी मालगाडीत चढवण्याच्या दिवशी मालकाने त्यांना हे घड्याळ घेऊन दिले होते, अशी घरात सांगीवांगी. मशीन वेस्ट एंडचे, पंधरा ज्वेलचे, उघड्या तोंडाचे. डायलवर कंपनीच्या नावाखाली मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे अजून ठसठशीत होती, आणि आठ व नऊ यांच्यामध्ये केसासारखी एक चीर. बॅलन्सच्या आसाचे वरचे टोक, म्हणजे पिव्होट, तुटलेला होता, बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक बालकमानीचा शेवटचा वेढा खालच्यात अडकला होता, आणि मोठ्या कमानीचे दोन तुकडे झाले होते. गंज मात्र नव्हता. पुरचुंडीतल्या त्या कोरड्या फडक्याने त्या मशीनचे प्राण वाचवले होते, असे म्हणावे लागेल.

बॅलन्सचा तुटलेला आस, म्हणजे स्टाफ, आजकाल पुष्कळजण ठोकून काढतात; तसे केले की बॅलन्सच्या दांडीचे भोक फाटते आणि त्या चाकाचा तोल कायमचा बिघडतो. म्हणून मी बॅलन्स छोट्या लेथवर धरून स्टाफची रिव्हेट कापून काढली आणि मग तो अलगद सुटला. नवा स्टाफ मी पोलादाच्या सळीतून कातला. सळी प्रथम लाल तापवून तेलात बुडवायची म्हणजे ती काचेसारखी कठीण आणि ठिसूळ होते, मग मंद आचेवर निळा रंग येईपर्यंत परत तापवायची म्हणजे तिच्यातला ठिसूळपणा जाऊन काठिण्य राहते. त्या निळ्यावरच कातकाम. या मशीनच्या पिव्होटची जाडी ०.११ मिलिमीटर होती. माणसाच्या डोक्याच्या केसाची जाडी साधारणतः ०.०७ धरली तर दीड केसाएवढ्या पोलादी टोकावर बॅलन्सचा सगळा भार आणि एका तासात १८,००० हेलकावे. शेवटी कठीण पोलादाच्या गुळगुळीत पट्टीने ते टोक घासून चकचकीत करायचे, कारण तेथे डोळ्यांना न दिसणारा ओरखडा राहिला तर माणकाच्या भोकातले तेल काही महिन्यांत काळे पडते. या घासण्याच्या कामात माझा श्वास आपोआप थांबतो, आणि दुकानात त्या वेळी आलेले गिऱ्हाईक हे पाहून काही न बोलता बाकावर बसते.

त्यानंतर बॅलन्सचा तोल. दोन माणकांच्या धारांवर स्टाफ आडवा ठेवला की जड बाजू फिरून खाली येते. त्या बाजूच्या स्क्रूच्या डोक्याखालून अगदी थोडे पितळ काढायचे, पुन्हा ठेवून पाहायचे, आणि चाक कोठेही ठेवले तरी जेथल्या तेथे उभे राहीपर्यंत हे चालू ठेवायचे. या बॅलन्सची धाव दोन धातूंची आहे: बाहेरून पितळ, आतून पोलाद, आणि दोन ठिकाणी कापलेली. उन्हाळ्यात पोलादी बालकमान नरम पडते. साध्या बॅलन्सचे घड्याळ एका अंशामागे दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडेल, आणि वैशाखातल्या वैजापुरात ते किती होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. दोन धातूंची धाव उष्णतेने आत वळते, चाक जणू लहान होते, वेग वाढतो आणि तूट भरून निघते. पुढे शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधून हा प्रश्न मुळापासून सोडवण्याचा मार्ग काढला आणि त्यासाठी १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले; आमच्या हातांतली बहुतेक जुनी मशीने मात्र या दोन धातूंच्या युक्तीवरच आजवर उन्हाळे काढत आली आहेत. ही कापलेली धाव चिमट्याच्या एका चुकीच्या दाबाने वाकते, म्हणून ती हाताळताना मी बोलत नाही आणि कोणाला बोलू देतही नाही.

कमानीच्या बाबतीत मोह टाळावा लागतो. बाजारात मिळणारी जाड, जोरदार कमान घातली की घड्याळ आरंभी उत्साहाने चालते, परंतु बॅलन्स इतका फिरतो की तो लिव्हरला उलट्या बाजूने जाऊन आपटतो, आणि घड्याळ बेफाम पुढे धावू लागते. म्हणून कमानीची रुंदी, जाडी आणि लांबी मूळच्या तुकड्यांवरून मोजून तीच मिळवली. धुणे, लाकडी काडीने प्रत्येक भोक साफ करणे, कमानीला घट्ट तेल, पिव्होटला पातळ तेल आणि बालकमानीला थेंबही नाही, हे सारे घड्याळजीला ठाऊक असते. त्याचा विस्तार करीत नाही. चीर गेलेल्या डायलला मी रंग लावला नाही. ती चीर बाईच्या घरातली आहे.

केस वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये कातून घेतली. तेथे मोटारींचे सुटे भाग करणारे तरुण कारागीर आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना रोजचा. तेथल्या मुलाने नकाशा पाहून विचारले, “काका, चावीचं भोक मधोमध का नाही?” मशीनमध्ये दांडा जाडीच्या मध्यावर नसतो, डायलच्या बाजूला झुकलेला असतो, हे त्याला मी मशीनच हातात देऊन दाखवले, त्यानंतर त्याने एका फटक्यात केलेले भोक इतके अचूक आले की दांडा आपल्या वजनाने आत सरकला. गंजविरहित पोलादाची केस, पाठीला काच, कारण मशीनची पाठ पाहण्याचा हक्क त्या घराला आहे. आणि कोठेही माझे नाव नाही.

घड्याळ जुळल्यावर त्याला सहा स्थितींत तपासावे लागते. खिशात असताना हे मशीन दिवसभर चावी वर करून उभे असे आणि रात्री खुंटीला अडकवलेले किंवा उशाशी निजलेले. दोनच अवस्था त्याला ठाऊक. मनगटावर हात खाली सोडला की चावी आडवी होते, फळ्यावर लिहायला हात वर गेला की निराळी, आणि टेबलावर हात टेकला की डायल आकाशाकडे. प्रत्येक स्थितीत गुरुत्वाकर्षण बॅलन्सला निराळ्या बाजूने ओढते. वरच्या वेढ्याची बालकमान, जिचा शोध अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १७९५ साली लावला, ती या सर्वांत मोठी साहाय्यक. ती नीट मध्यावर उघडत-मिटत असेल तर फरक आटोक्यात राहतो. हे घड्याळ शेवटी दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आले. सेकंदाला पाच हेलकावे, म्हणजे दिवसाला ४,३२,००० हेलकावे. आपल्या पुराणांनी कलियुगाची वर्षेही तितकीच सांगितली आहेत. हा निव्वळ योगायोग, परंतु टायमिंग मशीनच्या कागदावर डोळे लावून बसलो असताना तो मला फार आवडतो.

मालकाच्या स्वाधीन करताना काही गोष्टी मी बजावून सांगतो. या मशीनला धक्का सोसण्याची सोय नाही. इन्काब्लॉकसारखी माणकांखालची स्प्रिंग १९३० च्या दशकात आली, आणि हे त्याआधीचे आहे. मोटारसायकलवर खडबडीत रस्त्याने जाताना, लाकूड फोडताना, क्रिकेट खेळताना ते हातात नसावे. पाण्याशी त्याचा संबंध येऊ नये, हात धुतानासुद्धा. मोबाइलच्या चुंबकी कव्हरावर ठेवू नये, कारण पोलादी बालकमान चुंबकाने चिकटली की घड्याळ एका रात्रीत पंधरा-वीस मिनिटे पुढे गेलेले दिसेल. तीन-चार वर्षांनी एकदा धुऊन तेल घालावे. हे सगळे सांगून झाल्यावर शिक्षक नातवाने विचारले, “मग हे घालायचं तरी कधी?” शाळेत घालावे, असे मी म्हटले, आणि त्याने तेच केले. मुले त्याच्या हातावर पाठीकडच्या काचेतून बॅलन्स पाहायला रांग लावतात, असे तो पुढच्या खेपेस सांगत होता. बाईने ते कानाला लावले, पुष्कळ वेळ ऐकले, आणि म्हणाली, “मामंजी निजले की असंच वाजायचं.” पैशाचे विचारले, ते दिले, पावती मागितली आणि गेली.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी आजोबा-पणजोबांचे खिशातले घड्याळ असेल, तर ते चालत नाही म्हणून त्याला जोराने चावी देऊ नका. सुकलेल्या तेलावर फिरलेली चाके स्वतःच स्वतःला खातात. केस दबलेली असली, काच फुटलेली असली, तरी ती मशीनपासून वेगळी करू नका. चांदी मोडणे अगदीच अटळ झाले, तर सराफाकडून मशीन, डायल, काटे आणि चावीचा दांडा आठवणीने मागून घ्या, स्वच्छ कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, आणि कोणत्याही घड्याळजीच्या हवाली करण्यापूर्वी मशीनच्या पाठीवर कोरलेला क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्या.